चेसी नंबर शाबूत आहे

बोनेटखालची आग विझल्यावर जुन्या पिकअपमध्ये धड असे फार थोडे उरते. वायरिंगवरचे प्लास्टिक जाऊन तांब्याच्या उघड्या तारा लोंबत असतात, बॅटरीचा काळा गोळा झालेला असतो, रेडिएटरचे होज फाटलेले असतात आणि डॅशबोर्ड केबिनमध्ये ओघळून थिजलेला असतो. कंपनीने रिव्हेटने बसवलेली ॲल्युमिनियमची माहितीपट्टीसुद्धा कधी कधी विरघळून जाते, कारण ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. चेसीच्या पोलादी पट्टीवर ठोकलेली अक्षरे आणि आकडे मात्र राहतात. काजळी पुसून पॉलिश पेपर फिरवला की ती दिसू लागतात. मिस्त्री त्यावर पातळ कागद धरतो, पेन्सिल आडवी करून घासतो आणि नंबर कागदावर उतरतो. गॅरेजमध्ये याला चेसी प्रिंट म्हणतात. जळिताच्या सगळ्या कागदपत्रांत हा कागद मला सर्वांत विश्वासू वाटतो, कारण त्यात लिहिणाऱ्याच्या मताला जागाच नाही.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांचा रोजचा व्यवहार या छोट्या मालगाड्यांवर उभा आहे. पहाटे दुधाचे कॅन, दुपारी डाळिंबाचे क्रेट, भिगवणहून उजनीची मासळी, बाजारच्या दिवशी शेळ्या-बोकड, गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांचे सामान, वर्षभर पेंड आणि खताच्या गोण्या. या मुलखातल्या मोठ्या गोष्टींची नोंद झालेली आहे. १८८५ साली निघालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर रस्त्यांचा आणि गावोगावच्या बाजारांचा तपशील देते. नीरा डावा कालवा, भाटघरचे धरण, १९१४ ची दौंड-बारामती छोटी रेल्वे, पुढे उभे राहिलेले साखर कारखाने, यांचे अहवाल सरकारी दप्तरात आहेत. शेतातून बाजारापर्यंतचे शेवटचे दहा-वीस किलोमीटर ज्या गाडीने तोडले, तिचे दप्तर मात्र मालकाच्या घरी, कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत असते. आरसी बुक, विम्याची पॉलिसी, पंचनामा, सर्व्हेअरचा अहवाल, गॅरेजची बिले आणि फिटनेस. एखादी पिकअप कशी जळाली आणि पुन्हा कशी उभी राहिली, हे एवढ्या कागदांवरून बरेच सांगता येते. मात्र प्रत्येक कागद कोणी, कोणासाठी आणि कोणत्या नियमाखाली लिहिला हे आधी पाहावे लागते.

चेसीला एवढे महत्त्व कशामुळे आले, याचे उत्तर शोधताना वाट पुन्हा इंदापूर तालुक्यातच येते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर कळंबच्या माळरानावर शेती आणि साखर कारखाना उभारणारे, ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले, ते वालचंद हिराचंद हेच भारतातल्या मोटार उद्योगाच्या आरंभीच्या माणसांपैकी एक. मोटार कारखान्याची योजना विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात मांडली होती. मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाची तिला सहानुभूती होती, दिल्लीच्या सरकारने मात्र युद्धकाळात हात आखडता घेतला. वालचंदांनी अमेरिकेत जाऊन क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो आणि फार्गो या तीन नावांनी तिथले ट्रक विकले जात. गं. दे. खानोलकरांनी लिहिलेल्या वालचंदांच्या मराठी चरित्रात या धडपडीची हकिकत आहे. इंदापूर तालुक्यातल्या वाचकाने ती आपल्या गावचा इतिहास म्हणून वाचावी असे मला मनापासून वाटते.

त्या काळी ट्रक घेणे म्हणजे बहुतेक वेळा चेसी घेणे. इंजिन, गिअरबॉक्स, चाके आणि पुढचा पत्रा एवढे कंपनीकडून यायचे, केबिन आणि हौदा सुतार-लोहार बांधत. ही पद्धत कायद्यातही रुजली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत, आणि बॉडी वेगळीकडे बांधली असेल तर बांधणाऱ्याने द्यायच्या प्रमाणपत्रासाठी त्यात नमुना २२-अ आहे. याच नियमांतला १२२ वा नियम चेसी आणि इंजिन क्रमांक ठोकण्याविषयी आहे. गाडीची ओळख चेसीला चिकटलेली, बाकी सगळे बदलता येण्याजोगे, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे ती या व्यवहारामुळे. आगीत केबिन आणि इंजिन गेलेल्या गाडीला मालक ‘गाडी आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर बोलत असतो.

दुसरे कारण सुट्या भागांचे. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. फोर्डचाही येथे जोडणीचा व्यवसाय होता. टॅरिफ कमिशनने १९५३ च्या अहवालात सांगितले, की ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच हा धंदा करावा. या दोन्ही परदेशी कंपन्या निघून गेल्या. त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यांवर राहिल्या आणि आयातीवर निर्बंध असल्यामुळे त्यांचे सुटे भाग दुर्मीळ झाले. लेथवर भाग घडवणे, एका गाडीचा भाग दुसरीला बसवणे आणि काहीही टाकून न देणे ही गॅरेजची शिस्त या टंचाईने घडवली असे मी मानतो. पुढे बजाज टेम्पोची हॅन्सीट १९५८ मध्ये आली, मॅटाडोर १९६९ मध्ये. टेल्कोची ४०७ १९८६ मध्ये आणि टाटामोबाइल पिकअप १९८८ मध्ये. त्यानंतर महिंद्राच्या पिकअप आल्या, २००५ मध्ये टाटा एस आली आणि बारामतीच्या एमआयडीसीत तर पियाजिओचा कारखानाच उभा राहिला. गाड्या बदलल्या तरी दुरुस्तीची ती जुनी शिस्त गॅरेजात टिकली.

आता पिशवीतले कागद. पहिली पॉलिसी, कारण मालक आगीनंतर सर्वांत आधी तीच काढतो. जुना मोटार वाहन कायदा १९३९ चा. त्यातली तृतीय पक्षाच्या विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून लागू झाली. ही सक्ती रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी आहे, स्वतःच्या गाडीसाठी नाही. आपली पिकअप जळाली आणि पॉलिसी फक्त ‘थर्ड पार्टी’ असेल, तर त्या कागदातून दुरुस्तीला एक रुपयाही निघत नाही. जुन्या गाडीवर हप्ता वाचवावा म्हणून अनेक मालक हीच पॉलिसी घेतात. केवळ तृतीय पक्षाच्या पॉलिसीला आग आणि चोरीची जोड देण्याची तरतूद २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये होती, पण ती मागून घ्यावी लागते. म्हणून पॉलिसीचे पहिले पान वाचले की आगीनंतरच्या सहा महिन्यांची दिशा बऱ्याच अंशी कळते.

पॅकेज पॉलिसी असेल तर मजकूर बारकाईने वाचावा. आग, स्फोट, आपोआप पेट घेणे आणि वीज पडणे यांनी झालेले नुकसान तिच्यात येते. त्याच कलमाखाली अपवादही आहेत: घसारा, झीज, यांत्रिक किंवा विजेच्या यंत्रणेतला बिघाड. जळालेल्या गाडीचा सगळा वाद या दोन ओळींच्या मधल्या जागेत होतो. वायर शॉर्ट झाली हा बिघाड. त्यातून पेटलेली आग ही आग. बिघडलेल्या वायरचे पैसे नाकारता येतील, पण आगीत गेलेल्या बाकीच्या गाडीचे नाकारणे या मजकुरात बसत नाही. हा फरक मालकाला माहीत नसला तर ‘शॉर्टसर्किटमुळे जळाली, म्हणजे क्लेम नाही’ हे तो निमूटपणे मान्य करून घरी येतो.

आणि ‘शॉर्टसर्किट’ हा शब्दच पंचनाम्यात सर्वांत सैलपणे वापरला जातो. पंचनामा जागेची चतुःसीमा, वेळ, हजर पंच आणि दिसलेली अवस्था सांगतो. तिथवर तो भक्कम पुरावा आहे. कारणाची ओळ मात्र बहुधा ऐकीव असते. इंजिनजवळची कोणतीही आग वायरिंगपर्यंत पोचतेच. वायर आगीचे कारण होती की आगीचा बळी, हे जळून उरलेल्या तारांकडे नुसते पाहून ठरत नाही. तांबे १०८५ अंशांना वितळते. तारेच्या टोकाला गोल थेंब दिसला तर तिथे ठिणगी झडली असावी असे म्हणता येते. पण आधीच लागलेल्या आगीत चालू वायरवरचे प्लास्टिक गेले तरी ती चेसीला टेकून तसाच थेंब तयार होतो. थेंबावरून एवढेच ठरते, की त्या क्षणी त्या वायरमध्ये वीज होती.

जुन्या डिझेल पिकअपमध्ये संशय घ्यायच्या जागा आणखी असतात. नोझलवरून जादा डिझेल परत नेणाऱ्या रबरी नळ्या वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात आणि चिरतात. डिझेल काडी लावून सहज पेटत नाही, पण त्याचा फवारा तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडला तर ठिणगीची गरज राहत नाही. डिझेल साधारण सव्वादोनशे अंशांच्या आसपास आपोआप पेट घेते आणि भरलेल्या गाडीचे मॅनिफोल्ड त्याच्या दुपटीहून जास्त तापते. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपणारे ऑइल तिथेच येऊन पडते. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या जाड केबलला मध्ये फ्यूज नसला आणि ती पत्र्याच्या कडेला घासत असली, तर इंजिन बंद असतानाही आग लागू शकते. उंदीर वायर कुरतडतात. उसाच्या फडात गेलेल्या गाडीच्या पोटाखाली पाचट अडकते आणि सायलेन्सरच्या पाइपवर सुकत राहते. आग गाडी उभी असताना लागली की चढावर भरलेली असताना, चालू होती की बंद, धूर आधी पांढरा होता की काळा, असे चार प्रश्न पंचनाम्यात विचारून लिहिले गेले, तर यांतली निम्मी कारणे जागीच बाद होतील. पंच म्हणून सही करणाऱ्या गावकऱ्यांनी ते आवर्जून विचारावेत.

सर्व्हेअरचा अहवाल हा तिसरा कागद. विमा कायद्याच्या कलम ६४-यूएम मुळे ठराविक रकमेच्या वरच्या नुकसानीसाठी परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याच्या तक्त्यात प्रत्येक भागापुढे तीन रकमा दिसतात: मागितलेली, घसारा आणि मंजूर. २००२ च्या टॅरिफने घसाऱ्याचे दर ठरवून दिले आहेत. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांना ५० टक्के. फायबर ग्लासला ३० टक्के. काचेला काही नाही. आणि धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहा वर्षांवरच्या गाडीला ५० टक्के. समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. बारा वर्षांच्या पिकअपला साठ हजारांचे धातूचे भाग, चाळीस हजारांचे रबर-प्लास्टिक आणि तीस हजारांची मजुरी लागली. भागांचे पन्नास हजार कापले जातील, मजुरी राहील. एक लाख तीस हजारांच्या कामाला ऐंशी हजार मिळतील, आणि त्यातूनही ठरलेली वजावट आणि भंगाराची किंमत जाईल. उरलेले पैसे पतसंस्थेकडून, सोने गहाण ठेवून किंवा दुधाच्या बिलातून येतात.

त्याच टॅरिफमध्ये आणखी एक रेष आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर गाडी पूर्ण गेली असे समजायचे. पाच वर्षांपर्यंत ही किंमत तक्त्यावरून ठरते. पाच वर्षांनंतर ती विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. म्हणजे जुन्या पिकअपचे जळाल्यानंतरचे भवितव्य, नूतनीकरणाच्या दिवशी एजंटाने फॉर्मवर कोणता आकडा घातला यावर अवलंबून असते. हप्ता कमी बसावा म्हणून तो आकडा उतरवला असेल, तर दुरुस्त होण्याजोगी गाडीही कागदावर संपते. मालकांनी सर्वांत जास्त दुर्लक्ष केलेली ओळ हीच, आणि जळालेल्या गाडीबाबत सर्वांत मोठा निर्णय घेणारी ओळही हीच.

सर्व्हेअरचे म्हणणे अखेरचे असते का? सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, अपघात झालेल्या एका ट्रकच्या दुरुस्तीच्या बिलांवरून निघालेल्या दाव्यात, याचे स्वच्छ उत्तर दिले. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा आहे, पण तो अंतिम शब्द नाही. मालकाजवळ भक्कम बिले असतील तर ती अहवालापेक्षा वरचढ ठरू शकतात. गॅरेजचे बिल नीट का ठेवायचे, याचे यापेक्षा मोठे कारण मला माहीत नाही.

बिलांकडे येताना लेखणी थोडी सैल सोडतो, कारण दुरुस्तीचा खरा इतिहास तिथे आहे. बिडाचा सिलिंडर ब्लॉक आगीला सहसा दाद देत नाही. धोका हेडला असतो, विशेषतः ते ॲल्युमिनियमचे असेल आणि लालबुंद असताना त्यावर गार पाणी पडले असेल तर. चांगला मिस्त्री हेड उतरवतो, त्यावर सरळ पट्टी ठेवून फटीत फीलर गेज घालतो आणि वाकले असेल तर फेसिंगला पाठवतो. बिलात ‘हेड फेसिंग’, ‘प्रेशर टेस्ट’, ‘गॅस्केट किट’ या ओळी एकत्र दिसल्या, तर हे काम झाले असे समजावे. यांतली एकही ओळ नसताना ‘इंजिन काम’ असा एकच मोघम आकडा असेल, तर त्या बिलावर विश्वास ठेवायला मी तयार होणार नाही.

दुसरी ओळ धुलाईची, आणि ती बहुतेक बिलांत नसते. गाडीची आग अनेकदा कोरड्या रासायनिक पावडरीच्या सिलिंडरने विझवतात. प्रचलित एबीसी पावडरीत मोनोअमोनियम फॉस्फेट असते. ती धुऊन काढली नाही आणि तिला ओल मिळाली की ती धातू खाते. वायरिंगचे पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो ओलाव्याशी मिळून आम्ल होतो आणि जी टर्मिनल वरवर वाचलेली दिसतात त्यांच्यावर बसतो. पहिल्या आठवड्यात सुरळीत चालणारी गाडी दोन-तीन महिन्यांनी स्टार्टर, अल्टरनेटर, दिव्यांची जोडणी अशा तक्रारी घेऊन परत येते ती यामुळे. म्हणून जळिताचा इतिहास लिहिणाऱ्याने पहिल्या मोठ्या बिलापाशी थांबू नये. त्यानंतरच्या पावसाळ्यातली किरकोळ वाटणारी बिलेही त्याच आगीची असतात. क्लेम तोवर बंद झालेला असतो, त्यामुळे हा खर्च कुठल्याच अहवालात येत नाही.

तिसरी ओळ वायरिंगची, आणि इथे गाडीचे वय आश्चर्यकारकरीत्या मालकाच्या बाजूने उभे राहते. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला चालायला वीज जवळजवळ लागतच नाही. स्टार्टरने फिरवले, डिझेल पोचले की ते चालते. बंद करायला एक केबल किंवा सोलेनॉइड पुरतो. अशा गाडीचे जळालेले वायरिंग कुशल इलेक्ट्रिशियन हाताने पुन्हा बांधू शकतो. बिलात मग ‘वायर, थिंबल, स्लीव्ह, फ्यूज बॉक्स, मजुरी’ असे लिहिलेले असते. नव्या कॉमन रेल इंजिनात पंप, नोझल आणि सेन्सर यांच्यावर संगणकाचा ताबा असतो. तिथे कंपनीचे पूर्ण हार्नेस आणि बहुधा ईसीएम, म्हणजे तो संगणकही बदलावा लागतो. बीएस-४ ची प्रदूषण मानके देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ ची १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. त्याबरोबर बोनेटखालच्या आगीचा खर्च मात्र ७५ टक्क्यांच्या रेषेकडे झपाट्याने सरकला. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची पिकअप ज्या आगीतून उठली असती, तेवढ्याच आगीत आजची गाडी कागदावर भंगारात जाते.

चौथी गोष्ट बिलात शोधून पाहावी अशी. ब्रेकचे होज, मास्टर सिलिंडरचे किट, इंजिन माउंटिंग, स्टिअरिंगची रबरे, डिझेलच्या सर्व नळ्या. इंजिन सुरू होण्यासाठी यांतल्या बहुतेक वस्तूंची गरज नसते, म्हणून पैसे संपत आले की याच राहतात. उष्णता खाल्लेले रबर बाहेरून काळे आणि गुळगुळीत दिसते, आणि भरलेल्या गाडीचा ब्रेक घाटात लावताना फुटते. दुरुस्तीत काटकसर करायचीच असेल तर रंगात करावी. पत्रा काळा राहिला म्हणून कोणी मरत नाही.

शेवटी परिवहन कार्यालयाचे कागद. गाडीच्या नंबरात एमएच-४२ असेल तर नोंदणी बारामतीच्या कार्यालयाची. जुन्या कित्येक गाड्यांवर पुण्याची एमएच-१२ मालिका आहे. १ जुलै १९८९ रोजी अमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची दोन कलमे इथे महत्त्वाची. कलम ५५ म्हणते, की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर ते कळवावे आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. आगीत इंजिन गेले आणि भंगारातल्या गाडीचे ‘हाफ इंजिन’ बसवले, तर त्या इंजिनाच्या खरेदीची पावती हवी आणि नवा क्रमांक आरसीवर चढायला हवा. हे न करता चालवलेली गाडी रस्त्यावर धावते खरी, पण पुढच्या पासिंगला, विक्रीला किंवा क्लेमला ती अडकते. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर विम्याच्या पैशावर पहिला हक्क तिचा असतो. मालवाहू गाडीला फिटनेसशिवाय वैध नोंदणी नाही असे कलम ५६ मानते. आठ वर्षांवरच्या गाडीला तो दरवर्षी घ्यावा लागतो. आगीनंतरच्या तारखेचा नमुना ३८, म्हणजे फिटनेसचे प्रमाणपत्र, हाच गाडी पुन्हा उभी राहिल्याचा शासकीय पुरावा.

नोंदणीच्या कागदाचे वजन किती, हे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसते. गाडी महिंद्रा पिकअपच होती. विमा चालू होता. तात्पुरती नोंदणी ११ जानेवारी २००६ रोजी संपली होती आणि अपघात झाला २ फेब्रुवारी २००६ रोजी. त्या तीन आठवड्यांत नोंदणी नसताना गाडी रस्त्यावर आणणे हा पॉलिसीचा मूलभूत भंग ठरला आणि भरपाई मिळाली नाही. नुकसान खरे होते, हप्ता भरलेला होता. कमी पडला तो एक कागद.

न्यायालयापर्यंत गेलेल्या आगीची नोंद किती तपशीलवार राहते, याचे उदाहरण शेजारच्या सातारा जिल्ह्यात आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगळूर महामार्गावर कवठ्याजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्त्याखाली कलंडला, पेट्रोल गळू लागले, लोक ते भरून घ्यायला जमले आणि सकाळी सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला. ४६ माणसे गेली. चार तासांनंतरची ही आगही मोटार वाहनाच्या वापरातूनच उद्भवली, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवले आणि मृतांच्या नातेवाइकांचा भरपाईचा हक्क मान्य केला. त्या पहाटेची वेळ, जागा आणि क्रम आज आपल्याला इतक्या नेमकेपणाने कळतो, कारण एका आईने दावा लावला. ज्या आगीत फक्त एक पिकअप गेली आणि एक कुटुंब कर्जात गेले, ती कुठल्याही निकालपत्रात सापडत नाही.

आता तर या कागदांची वेळही थोडी उरली आहे. केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांचे नियम काढले आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचे नोंदणी आणि फिटनेसचे शुल्क बरेच वाढले. प्रदूषण आणि सुरक्षा पाहता या धोरणामागचा हेतू मला मान्य आहे. पण यांत्रिक पंपाच्या, हाताने वायरिंग बांधता येणाऱ्या पिकअपची शेवटची पिढी आता भंगार केंद्राकडे निघाली आहे. गाडी तिथे गेली की चेसीचा तुकडाही राहत नाही, आणि घरातली पिशवी निरुपयोगी समजून रद्दीत जाते.

म्हणून बारामती-इंदापुरातल्या गाडीमालकांना, गॅरेजवाल्यांना आणि त्यांच्या शिकलेल्या मुलांना एक विनंती. गाडी विका, भंगारात द्या, पण जळिताची आणि दुरुस्तीची कागदपत्रे टाकू नका. थर्मल कागदावरची बिले दोन-तीन वर्षांत पांढरी पडतात, त्यांच्या झेरॉक्स आजच काढा. मोघम बिल घेऊ नका, प्रत्येक भागाची ओळ वेगळी लिहून मागा आणि त्यावर किलोमीटर आणि तारीख घालून घ्या. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचा. आणि हा सगळा गठ्ठा आपल्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे किंवा गावच्या वाचनालयाकडे द्या. चेसी प्रिंटसकट.